गणपतीला पुण्याहून चिपळूणला गाडीने जाताना ट्रॅफिक कसं टाळावं? रात्री निघावं का?

तुम्ही कोथरूडहून निघणार, सोबत आई आणि दोन लहान मुलं, आणि हरतालिकेच्या आदल्या रात्री ताम्हिणीमार्गे जायचा विचार आहे, असं लिहिलंय. माझं गाव चिपळूणजवळच, दरवर्षी जातो. म्हणून कळकळीने सांगतो, गणपतीत ताम्हिणी नको.

एरवी तो रस्ता जवळचा आणि सुंदर आहे. पण तो माणगावला मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो, आणि त्या दोन-तीन दिवसांत मुंबई-ठाण्याचे सगळे चाकरमानी त्याच माणगावातून जात असतात. आपण पुण्यातून कितीही लवकर निघालो तरी त्यांच्या गर्दीच्या मधोमध जाऊन उभे राहतो.

एका वर्षी आम्ही चतुर्थीच्या पहाटे तीनला निघालो होतो. पौड, मुळशी भराभर मागे पडलं. निजामपूर सोडलं आणि माणगावच्या अलीकडे गाडी थांबली ती थांबलीच. मुलगी रडून रडून झोपली, पाणी संपलं. घरी पोहोचेपर्यंत दुपारचे दोन वाजून गेले होते. पूजा, आरती सगळं झालेलं. वडील काही बोलले नाहीत, फक्त पान वाढायला सांगितलं. गणपती बसताना आपण घरात नव्हतो याची रुखरुख मला आजही लागते.

त्यानंतर आम्ही कुंभार्ली घाटाने जातो. कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, शिरवळ, खंबाटकी, सातारा, मग उंब्रजला उजवीकडे वळून मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर आणि घाट उतरून पोफळी, अलोरे, चिपळूण. अंतर थोडं जास्त पडतं, पण माणगाव, महाड, पोलादपूर, कोकणातलं खेड हे सगळं बाजूला राहतं. मुंबईच्या गर्दीशी गाठ पडते ती थेट चिपळुणात, म्हणजे घराच्या दारात.

या रस्त्यावर अडकायच्या जागा सगळ्या साताऱ्याच्या अलीकडे आहेत. नवले पूल, खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकी. घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागलीच. सुरूर फाट्यावर वाई-महाबळेश्वरची मंडळी वळली की पुढे रस्ता बराच मोकळा होतो. म्हणून पहाटे चारला घर सोडा. उजाडेपर्यंत साताऱ्याच्या आसपास असाल आणि कुंभार्ली दिवसाउजेडी लागेल. भाद्रपदात त्या घाटात पाऊस असतो, धुकं असतं, खड्डेही असतात. त्यामुळे रात्री निघू नका. लहान मुलं आणि आई सोबत असताना तर नकोच. आईंसाठी आणखी एक, स्वच्छतागृहासाठी उंब्रजला वळायच्या आधी हायवेवरच थांबा. पुढे चांगली सोय शोधत बसावं लागतं.

रस्त्याइतकाच दिवसही महत्त्वाचा. हरतालिकेच्या आदल्या दिवसापासून गर्दी उसळते. रजा मिळत असेल तर अजून एक दिवस आधी जा. मखर बांधायला, माटवी (गणपतीच्या वर टांगायची लाकडी चौकट) सजवायला घरच्यांनाही हात हवेच असतात. पेट्रोल आणि टायरची हवा आदल्या संध्याकाळीच बघून घ्या. गेली काही वर्षं सरकार गणपतीला कोकणात जाणाऱ्यांसाठी टोलमाफीचे पास देतं, आरटीओत आणि पोलीस ठाण्यात मिळतात. यंदाची घोषणा झाली की लगेच चौकशी करा.

कोणी हडपसरकडून निघणार असेल तर सासवड, जेजुरी, नीरा, लोणंदवरून साताऱ्याला जाता येतं. रविवारी मात्र जेजुरीत खंडोबाच्या दर्शनाची गर्दी असते. तुम्हाला कोथरूडहून त्या वाटेचा उपयोग नाही.

परतीचं बहुतेकजण विसरतात. गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की त्याच संध्याकाळी सगळ्या गाड्या निघतात. तुम्ही ती रात्र गावीच झोपा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच घाट चढा, म्हणजे दुपारच्या आत खेड शिवापूर ओलांडाल. आणि अनंत चतुर्दशीला परतणार असाल तर वारज्याहून चांदणी चौकमार्गे थेट कोथरूडला या. स्वारगेटकडून शहरात शिरू नका, मिरवणुकीमुळे पेठांतले रस्ते दुसऱ्या दिवशीपर्यंत बंद असतात.