मुलगा फक्त 12 दिवसांच्या फरकानं खेळाच्या 14 वर्षांखालील गटातून बाद होतोय. जन्मतारीख दुरुस्त करून घेता येईल का?

नका करू. मुलगा 20 डिसेंबर 2011 चा आहे आणि यंदा, 2025-26 ला, 1 जानेवारी 2012 किंवा नंतरचाच चालतो, हे तुम्हीच लिहिलंय. तारीख खरी आहे. मग दुरुस्त काय करणार?

चुकीची तारीख कशी असते ते मला विचारा. माझी 1 जून. वर्गातल्या निम्म्या पोरांची 1 जून. गुरुजी पट भरायला घरोघर फिरायचे, उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की सहा वर्षं पूर्ण! मी जन्मलो महाशिवरात्रीच्या आसपास, फेब्रुवारी 1985 ला. पण हात लांब, कान लागला. रजिस्टरात 1 जून 1984.

त्याच लांब हातांमुळे कबड्डीत डावा कोपरा सांभाळायचो. नववीत तालुक्याला गेलो, तर कागद बघणाऱ्या सरांनी तारखेवर बोट ठेवलं, "हा जूनमध्येच चौदाचा झाला." समोरच्या संघाचा चढाईवाला पलीकडेच उभा होता. दाढी करताना गाल कापलेला, त्यावर पेपरचा कपटा चिकटवलेला. त्याचे कागद चोख!

आमचे पीटीचे सर म्हणाले, सातवीतल्या चुलतभावाचं ओळखपत्र लाव, फोटोत कुणाला काय दिसतंय. वडील नाही म्हणाले. मी फक्कीच्या रेघेबाहेर बसून आमचा कोपरा फुटताना बघितला.

सर अजून एस.टी. स्टँडवर भेटले की सुनावतात, "तुझ्या बापानं नुकसान केलं, राज्याला गेला असतास." अहो सर, गेला असता तो चुलतभाऊ! प्रमाणपत्रावर नाव त्याचं. दहावीला सवलतीचे गुण त्याला, पुढं नोकरीत खेळाडूंच्या 5 टक्क्यांतून अर्ज करायचा तर तोही त्यानंच. मी नुसता पकडी करणार! सत्तावीस वर्षं झाली, एवढा हिशेब त्यांना जमत नाही.

आता राहिलं तुमचं. मुलगा 17 खालीलमध्ये खेळेल. पहिलं वर्ष मार खाईल, खाऊ दे. क्रिकेटमध्ये पुढं गेला तर 16 खालील गटाला बीसीसीआय डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघते, तिथं दाखला बदलून भागत नाही. अर्थात ती चाचणीही अंदाजच, एखादं पोर लवकर वाढतं आणि नाहक अडकतं.

आणि हो, माझ्यासारखी रजिस्टरातच चूक असेल तर गोष्ट वेगळी. मूळ जन्मदाखला काढून पोर शाळेत असतानाच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्यायचा, मंजुरी शिक्षणाधिकाऱ्यांची लागते. शाळा सोडल्यावर फार अवघड.

खेळ कुठला ते लिहिलं नाहीत. कबड्डी असेल तर पोराचे हात किती लांब आहेत तेवढं कळवा.