पीळ १:९ असलेल्या बॅरलला ७७ ग्रेनची बुलेट घ्यावी की ८० ची?

तुम्ही विचारलंय: इंदूरच्या क्लबात पॉइंट २२३ रेमिंग्टन रायफल मिळाली आहे, बॅरलवर १:९ कोरलंय (म्हणजे नळीतल्या खाचांचा पीळ नऊ इंचांत एक फेरी घेतो), ३०० ते ६०० मीटरवर टार्गेट मारायचंय, वाऱ्यात कमी सरकावी म्हणून जड बुलेट हवी, मग ७७ ग्रेन (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं माप) की थेट ८०?

७७ घ्या. ८० त्या बॅरलला पेलणार नाही, आणि अडचण वजनाची नाही, लांबीची आहे.

व्यास सगळ्यांचा ०.२२४ इंच, म्हणजे वाढवलेलं वजन लांबीतच जातं. ६९ ग्रेनची मॅच बुलेट साधारण ०.९० इंच, ७७ ची ०.९९५, ८० ची १.०७. शेवटच्या तीन ग्रेनमध्ये लांबी एवढी का वाढली? कारण ७७ ची बुलेट २.२६ इंचांच्या काडतुसात, म्हणजे मॅगझिनमध्ये मावेल अशी बेतलेली असते. ८० ची निमुळती, एकेक करून हाताने भरायची. निमुळती म्हणूनच हवा चांगली कापते: बॅलिस्टिक कोएफिशियंट (हवा किती सहज कापते त्याचा आकडा) ६९ चा ०.३० च्या आसपास, ७७ चा ०.३७, ८० चा ०.४२. पण उंच भोवऱ्याला जाळीचा झटका जोरात द्यावा लागतो, तसाच लांब बुलेटला पीळ जास्त लागतो.

डॉन मिलरच्या सूत्राने सेकंदाला २८०० फूट वेग, १५ अंश आणि समुद्रसपाटीचा दाब धरून स्थैर्यांक (बुलेट हवेत किती स्थिर राहते त्याचा आकडा) काढला, तर १:९ ला ६९ ग्रेन १.६५, ७७ ग्रेन १.३८, ८० ग्रेन १.१६ येतो. १:८ ला ७७ चा १.७५, ८० चा १.४७. एकच्या खाली बुलेट कोलांट्या खाते. स्थैर्यांक असायला हवा १.५ च्या जवळपास.

फसगत होते ती १.१६ सारख्या आकड्यावर. बुलेट उलटत नाही, १०० मीटरवर भोक गोल पडतं, ग्रुपही बरा दिसतो. पण ती हवेत डुलत जाते, हवेचा अडथळा वाढतो, ०.४२ कागदावरच राहतो. ज्या वाऱ्यासाठी जास्त पैसे मोजले तोच ६०० वर हिशेब चुकता करतो. भोक लंबगोल दिसायला लागलं तर तो डबा बाजूला ठेवा.

इंदूर-महूचं पठार साधारण ५५० मीटर उंच, हवा विरळ. त्याचा तुम्हाला फायदा आहे. ७७ ग्रेन २६५० फुटांनी सुटली तर समुद्रसपाटीला १.३६, इथे जानेवारीच्या सकाळी १.४, मेच्या दुपारी ४० अंशांना १.५५ पेक्षा थोडा जास्तच. म्हणून उन्हाळ्यात जमवलेली बुलेट थंडीत किनाऱ्यावरच्या सामन्याला नेताना १०० मीटरवर नाही, लांबवर तपासूनच न्या.

त्याआधी पीळ स्वतः मोजा, कोरलेल्या आकड्यावर जाऊ नका. रायफल रिकामी असल्याची खात्री करा, बोल्ट काढा, बोअर गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारी नळी) बसवा. मूठ मोकळी फिरणाऱ्या क्लीनिंग रॉडवर घट्ट पॅच (कापडाचा तुकडा) लावून चेंबरकडून आत घाला. रॉडवर आडवी आणि वर उभी अशा दोन खुणा करा. उभी खूण एक पूर्ण फेरी मारून वर येईपर्यंत रॉड हळू ओढा; आडवी खूण सरकली तेवढा पीळ. तीन वेळा मोजा. पॅच सैल असेल तर तो घसरतो आणि आकडा मोठा येतो.

८० मारायचीच असेल तर १:८ बॅरल, ९० साठी १:७. मात्र बॅरल बदलण्याआधी परवाना देणाऱ्या कार्यालयात विचारा, शस्त्र कायद्यात सुटा भागही शस्त्रच. आणि १:७ मधून पातळ जॅकेटची (बाहेरच्या धातूच्या आवरणाची) ४० ग्रेन बुलेट ३३०० फुटांनी मारू नका: मिनिटाला सुमारे ३,४०,००० फेऱ्या होतात, ती टार्गेटपर्यंत पोचण्याआधीच फुटू शकते.

तुमच्या क्लबातल्या पॉइंट २२ रिमफायरला यातलं काही लागू करू नका. तिचा पीळ सहसा १:१६, ४० ग्रेन शिशासाठी. ६० ग्रेनची लांब गोळी त्यातून बहुधा आडवी पडते.