वाचकांचे प्रश्न : डिस्कस माशाची पिल्लं, पाणी आणि फिल्टर

प्रश्न : माझ्या नळाच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) ४२० आहे. साधारण दीड इंचाची डिस्कसची पिल्लं आणायची आहेत. पूर्ण आरओचं पाणी वापरावं लागेल का?

नाही. मऊ, म्हणजे कमी क्षारांच्या पाण्याची खरी गरज असते ती अंडी फुटण्याच्या वेळी. पाणी जड असलं तर अंडी नीट फळत नाहीत. वाढीच्या वयातली पिल्लं मध्यम जड पाण्यात उलट चांगली भरतात, कारण हाडं आणि पर घडवायला कॅल्शियम लागतं. नुसत्या आरओच्या पाण्यात ते जवळजवळ नसतंच.

२०० ते ३०० टीडीएस ठेवायचा असेल तर दोन पाणी मिसळा. तुमच्या आरओचं पाणी १० टीडीएसचं निघत असेल तर निम्मं नळाचं आणि निम्मं आरओचं मिळून साधारण २१५ येतो. दोन भाग नळाचं आणि एक भाग आरओचं घेतलं तर २८०च्या आसपास. एक प्रमाण ठरवा आणि तेच चालू ठेवा. आज २००, उद्या ३५० असा खेळ पिल्लांना सोसत नाही. त्यापेक्षा कायम ४०० असलेलं परवडलं.

आरओ सुरू केल्यावर सुरुवातीच्या काही मिनिटांचं पाणी सोडून द्या. मशीन बंद असताना मेंब्रेनच्या (क्षार अडवणाऱ्या पडद्याच्या) दोन्ही बाजूंचे क्षार समान व्हायला बघतात, त्यामुळे पहिल्या पाण्याचा टीडीएस बराच जास्त येतो. मेंब्रेनआधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला. त्यातून क्लोरीन निसटू लागला की मेंब्रेन खराब होतं.

प्रश्न : नळाचं पाणी थेट टाकीत सोडलं की पिल्लं काळवंडतात, कोपऱ्यात गोळा होतात आणि परांवर बारीक बुडबुडे दिसतात. औषध कोणतं द्यावं?

औषध नको, ड्रम घ्या. एका वेळी बदलायच्या पाण्याच्या दीडपट तरी मावेल एवढा, खाद्यपदार्थांसाठीच्या प्लॅस्टिकचा.

तुमच्याकडे तीन गोष्टी एकदम घडताहेत. एक, क्लोरीन कल्ल्यांना झोंबतो. दोन, दाबाखालच्या गार पाण्यात हवा जास्त विरघळलेली असते. ते पाणी टाकीत तापलं की ती हवा बाहेर पडते, परांवरच नव्हे तर माशाच्या रक्तातही बुडबुडे धरू शकते. तिसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही. ताज्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी तितकं पाणी आम्ल) कमी दिसतो आणि वायू निघून गेला की वर चढतो. नळाखाली ७.० दाखवणारं पाणी दुसऱ्या दिवशी ७.८ दाखवू शकतं. म्हणून नळाच्या पाण्याचा पीएच २४ तास हवा दिल्यावरच मोजावा, आधीच्या आकड्याला अर्थ नाही.

ड्रम भरा, तळाशी मोठा एअरस्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारा दगड) सोडा, हीटर लावा आणि २४ तास जोरात हवा चालू ठेवा. १०० लिटर पाणी २४ अंशांवरून ३० अंशांवर न्यायला २०० वॉटच्या हीटरला किमान साडेतीन तास लागतात, ड्रम उघडा असेल तर आणखी. म्हणजे हीटर आदल्या रात्रीच लावायचा. ओतण्याआधी दोन्हीकडे एकाच थर्मामीटरने तापमान बघा. एका अंशापेक्षा जास्त फरक नको. पाणी उपसायच्या आधी ड्रममधला हीटर बंद करा, उघडा पडला की काच तडकते.

घाई असेल तर क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट आहे. १०० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १ लिटर द्रावण करा. त्यातलं १ मिली १० लिटर पाण्याला पुरतं, लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या थोड्या वरच्या क्लोरीनपर्यंत. पण नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर ते नुसत्या हवेने जात नाही. थायोसल्फेट त्यातला क्लोरीन मारतो आणि अमोनिया मागे ठेवतो. २४ तास हवा दिल्यावरही ‘एकूण क्लोरीन’ची चाचणी रंग दाखवत असेल तर क्लोरामाइन आहे असं समजा आणि अमोनिया बांधणारं कंडिशनर वापरा.

प्रश्न : पिल्लांच्या टाकीत फक्त आरओचं पाणी आहे, पीएच ५.८. आठवडाभर पाणी बदलता आलं नाही. अमोनियाची चाचणी ८ दाखवत होती, तरी पिल्लं खात होती. मग निम्मं पाणी काढून नळाचं, साठवून हवा दिलेलं पाणी भरलं, आणि तासाभरात पिल्लं आडवी पडू लागली. ताज्या पाण्याने मासे मरतील कसे?

ताज्या पाण्याने नाही, पीएच चढल्याने. चाचणीचा संच अमोनियम आणि अमोनिया दोन्ही मिळून मोजतो. यातला अमोनिया जास्त घातक, आणि त्याचा वाटा पीएचवर ठरतो. ३० अंश तापमानाला पीएच ५.८ असताना लिटरमागच्या ८ मिलिग्रॅममधला विषारी भाग जेमतेम ०.००४ मिलिग्रॅम होता. निम्मं पाणी बदलल्यावर एकूण ४ उरले, पण पीएच समजा ७.८ झाला, तर विषारी भाग ०.२ मिलिग्रॅम. एकूण प्रमाण निम्मं झालं आणि विष पन्नासपट वाढलं.

पीएच मुळात एवढा का घसरला? फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना पाण्याची आम्ल पचवायची ताकद, म्हणजे केएच, खातात. १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. एक अंश केएच म्हणजे लिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच मिलिग्रॅम नायट्रोजनने तो संपतो. आरओच्या पाण्यात केएच नावालाच. तो संपला की पीएच कोसळतो, पीएच सहाच्या खाली गेला की जिवाणू मंदावतात, आणि अमोनियम साचत राहतं. वरून सगळं ठीक दिसतं, आणि घात तिथेच होतो.

पुन्हा असं झालं तर खाणं बंद करा. नळाचं पाणी आणि खायचा सोडा, दोन्हींना हात लावू नका. हवा दिलेलं, तापवलेलं आरओचंच पाणी घ्या; त्यात केएच नसल्याने टाकीचा पीएच फारसा वर जात नाही. दर काही तासांनी पाव टाकी बदला, चाचणी अर्ध्या मिलिग्रॅमच्या खाली येईपर्यंत. टीडीएसवर नजर असू द्या. दुसऱ्या निरोगी टाकीतल्या फिल्टरचा, जिवाणू मुरलेला स्पंज असेल तर आणून लावा. त्यानंतरच केएच वाढवा : १०० लिटरला ३ ग्रॅम सोडा म्हणजे एक अंश, दिवसाला एवढाच. तीन-चार अंशांवर थांबा आणि दर आठवड्याला मोजत जा. नळाचं पाणी मिसळणाऱ्यांना हा सोडा सहसा लागतच नाही.

प्रश्न : २०० लिटरच्या टाकीत बारा पिल्लं आहेत. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा बंद डब्याचा) घ्यावा की स्पंज?

हवेच्या पंपावर चालणारे दोन मोठे स्पंज फिल्टर. कॅनिस्टर वाईट नाही, पण पिल्लांना दिवसातून पाच-सहा वेळा खाणं पडतं, आणि कॅनिस्टरमध्ये अडकलेलं खाणं डोळ्यांआड तिथेच कुजतं. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि नायट्रेट ४० असं चित्र होतं. स्पंजवरची घाण समोर दिसते.

नवा स्पंज आधी चालू टाकीत चार ते सहा आठवडे फिरवा, म्हणजे त्यात जिवाणू बसतात. धुताना टाकीतून उपसलेल्या पाण्यात दोन-तीनदा पिळा, नळाखाली नाही. क्लोरीनने जिवाणू मरतात. अगदी पांढरा होईपर्यंत धुऊ नका. आणि एका दिवशी एकच स्पंज, दुसरा तीन-चार दिवसांनी. नळीतून बुडबुडे येताहेत पण त्यांच्याबरोबर पाणी उसळत नाही, असं दिसलं की स्पंज तुंबला. एअर पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह हवाच, नाहीतर वीज गेली की पाणी पंपात उतरतं.

फिल्टर कितीही चांगला असला तरी नायट्रेट आणि तळाचा चोथा तो बाहेर काढत नाही. तळ उघडा ठेवा, वाळू नको. खाणं दिल्यावर वीस मिनिटांत उरलेलं सायफनने ओढा. रोज निम्मं पाणी बदला; मांसाचं खाणं देत असाल तर त्याहून जास्त.

प्रश्न : पिल्लं नुकतीच पोहू लागली आहेत, आई-बापांच्या अंगाला चिकटायच्या बेतात. आताच निम्मं पाणी बदलू का?

अजून नाही. पातळी १५ ते २० सेंटिमीटरवर आणा, म्हणजे पिल्लांना मोठे मासे लवकर सापडतात; त्यांच्या अंगावरचा चिकट स्राव हेच त्यांचं पहिलं खाणं. हवेची नळी चिमट्याने आवळून बुडबुडे अगदी मंद करा. सगळी पिल्लं अंगाला लागली की रोज दहा टक्के पाणी बदला, हवेच्या पंपाच्या बारीक नळीने. बादलीतलं उपसलेलं पाणी फेकण्याआधी उजेडात धरून बघा, त्यात दोन-चार पिल्लं हमखास असतात.

प्रश्न : यूव्ही दिवा लावल्यास पाणी कमी बदललं तर चालेल का?

नाही. दिवा त्यातून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, अमोनिया आणि नायट्रेटला हात लावत नाही. ते पैसे आधी ड्रमसाठी एका जादा हीटरवर घाला.