दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडूनही मुख्य भूमिकेत कसे?

तुम्ही विचारलंय, सिनेमा एवढा बदलला तरी प्रभावळकर 81व्या वर्षी 'दशावतार'मध्ये मुख्य भूमिका कशी करू शकले. मी नागपूरचा, सिनेमातला नाही, नुसता प्रेक्षक. मला वाटतं ते कधी हीरो नव्हते, म्हणून टिकले.

हीरोला वय लपवावं लागतं. यांनी उलट ते आगाऊच वापरून घेतलं. दूरदर्शनवर चिमणराव, 'चौकट राजा'मधला नंदू, 'झपाटलेला'मधला तात्या विंचू आणि मग साठी गाठायच्या आतच 'टिपरे' मालिकेतले आजोबा, म्हणजे आबा. 2006मध्ये हिंदीत गांधीजी झाले आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. ज्याला चेहराच ठरलेला नाही, त्याचा चेहरा जुना कसा होणार?

आता इकडचं सांगतो. सिनेमाच्या वितरणात नागपूर मुंबईत धरत नाहीत, 'सी.पी. बेरार' (जुना मध्य प्रांत आणि वऱ्हाड) सर्किटमध्ये धरतात. 1956मध्येच आम्ही मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आलो, पण सिनेमावाल्यांना कोणी कळवलेलं दिसत नाही! रिळांचे दिवस होते तेव्हा मराठी सिनेमाच्या प्रिंटा मोजक्याच निघायच्या आणि त्या आधी मुंबई-पुण्यात फिरायच्या. इथल्या टॉकीजवर हिंदीचं राज्य. व्हरायटी चौक, पंचशील चौक ही नावंसुद्धा टॉकीजवरूनच पडली, पण मला त्यांच्या बाहेर मराठी पोस्टर पाहिल्याचं फारसं आठवत नाही. प्रभावळकर आमच्या घरात आले ते टीव्हीतून.

डिजिटलमुळे रिळांच्या पेट्यांची भानगड संपली. 12 सप्टेंबर 2025ला 'दशावतार' लागला आणि त्याच आठवड्यात मी बाबांना मल्टिप्लेक्सला घेऊन गेलो. (पॉपकॉर्नचा भाव ऐकून बाबा म्हणाले, "एवढ्यात तर घरी मटण झालं असतं.") संवाद मालवणी वळणाचे. पहिली पंधरा मिनिटं बाबा दर वाक्याला कोपर मारत होते, "काय म्हनते रे हा?" मला तरी कुठं कळत होतं!

मग पडद्यावर प्रभावळकरांच्या बाबुलीची नजर अधू झालेली दिसली. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलेलं. त्यांचं कोपर मारणं थांबलं. बाबुली तोंडाला रंग लावायला बसला तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकले आणि मागच्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आबाले दिसत नाही वाटते आता."

प्रभावळकर नाही, बाबुलीही नाही. आबा! 'टिपरे' संपून वीस वर्षं होऊन गेली होती.