भावाला पीसीडी आणि डॉक्टर प्रत्यारोपणाचं म्हणाले

ऐरोलीच्या ताई, तुमच्या भावाला पीसीडी (श्वासनलिकांतले सूक्ष्म केस नीट हलत नसल्याने कफ साचत राहण्याचा जन्मजात आजार) आहे, हृदय उजवीकडे आहे आणि डॉक्टरांनी ‘प्रत्यारोपणाच्या टीमला दाखवून ठेवा’ म्हटल्यापासून घर हादरलंय. एक फुप्फुस बदलून भागेल का, आणि नव्यात हाच आजार पुन्हा होईल का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या धाकट्या बहिणीचं याच आजारासाठी प्रत्यारोपण झालंय. आम्ही ठाण्याचे.

एकाने भागत नाही. पीसीडी असो वा सिस्टिक फायब्रोसिस (घट्ट कफ साचण्याचा दुसरा जन्मजात आजार), साचलेल्या कफात स्युडोमोनाससारखे जंतू वर्षानुवर्षं ठाण मांडून असतात. जुनं एक फुप्फुस आत ठेवलं आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं सुरू केली, की तेच जंतू नव्यावर उतरणार. म्हणून दोन्ही काढतात. उजवीकडच्या हृदयामुळे जोडणी सर्जनला किचकट जाते, पण तेवढ्यावरून कोणी नाही म्हणत नाही.

नव्या फुप्फुसांत पीसीडी होत नाही, कारण तिथल्या पेशी दात्याच्या. नाक-सायनस मात्र भावाचेच राहणार. बहीण अजून रोज उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुते.

दाखवणं म्हणजे उद्या ऑपरेशन नव्हे. एफईव्ही-१ (जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर येणारी हवा) अपेक्षेच्या तीस टक्क्यांच्या आसपास आला किंवा वारंवार ॲडमिट व्हावं लागलं, की पाठवतातच. तपासण्या, लसी आणि वजन यांना वेळ लागतो. वजन फार कमी असेल तर आधी ते वाढवायला सांगतात. नोंदणी हॉस्पिटल करतं. मुंबई विभागाच्या झेडटीसीसीमध्ये (अवयववाटपाचं काम बघणारी विभागीय समिती) ठाणे-नवी मुंबईही येतं. मग रक्तगट आणि छातीचा आकार जुळायची वाट. दात्याची फुप्फुसं बऱ्याचदा वापरण्याजोगी नसतातच.

स्पष्टच सांगते: जगभरात निम्म्याहून थोडेच अधिक पेशंट पाच वर्षांपलीकडे जातात, मुख्यतः शरीर हळूहळू फुप्फुस नाकारतं म्हणून. टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) ठरल्या वेळी, आणि त्याच्याशी जुळत नाही म्हणून पपनस कायमचं बंद. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशी, खिडकीतली कबुतरं हे सगळं सांभाळावं लागतं. (आमच्या सोसायटीत दाणे टाकणाऱ्या काकांशी अजून बोलणं नाही!)

तोवर कफ काढायची फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका. पहिल्या भेटीला सीटीची सीडी आणि कफाचे सगळे जुने कल्चर रिपोर्ट न्या. कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देत नाही, यावरच टीमचे अर्धे प्रश्न असतात.