वर्दी अंगावर आहे तोवर

कोल्हापूर

चिरंजीवास आशीर्वाद,

अग्निवीर म्हणून चार वर्षं झाल्यावर माजी सैनिक म्हणून शिक्षणाच्या सवलती मिळतील का, असं विचारलंस. वडील माजी सैनिक, त्यांना मिळाल्या म्हणून आपल्यालाही मिळतील, हे डोक्यातून काढून टाक. अग्निवीराला माजी सैनिकाचा दर्जा नाही. चार वर्षांनी सैन्यात ठेवून घेतात त्या पंचवीस टक्क्यांत येऊन पुढं कायम झालास तर सोन्याहून पिवळं, पण त्या भरवशावर हातावर हात ठेवून बसू नकोस.

शिकायचं ते आत्ताच सुरू कर. तू दहावीवर भरती झालास. बारावीची सोय एनआयओएस या मुक्त शाळेमार्फत आहे, ती आधी उरक. पुढं इग्नू या मुक्त विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी खास अग्निवीरांसाठी काढलीय. त्यात निम्मे क्रेडिट तुझ्या ट्रेनिंगचेच धरतात, निम्म्यांसाठी विषय निवडायचे: कॉमर्स, इतिहास, पर्यटन, शेती, असं बरंच काही. यादीत ज्योतिषही आहे. ते सांगणारे गडहिंग्लजात कमी नाहीत, तू कॉमर्स घे. पहिल्या वर्षावर थांबावं लागलं तर सर्टिफिकेट, दुसऱ्यावर डिप्लोमा मिळतो, म्हणजे पोस्टिंगमुळं खंड पडला तरी केलेलं वाया जात नाही. युनिटच्या एज्युकेशन हवालदाराला गाठ आणि नाव कधी, कसं नोंदवायचं ते विचारून घे. ट्रेनिंगचा प्रत्येक कागद जपून ठेव.

चार वर्षांनी हातात येणारे सेवानिधीचे 11.71 लाख दिसायला मोठे दिसतात. निम्मी रक्कम तुझ्याच पगारातून दर महिन्याला 30 टक्के कापून साठलेली असते. गावी पोचायच्या आत प्लॉटवाले आणि बुलेटवाले दोघंही फोन करतील. दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च आधी बाजूला काढ, मग काय ते बोल.

आता धाकट्या बहिणीचं. सवलतीचं खरं घबाड तिच्याकडं आहे, वडिलांच्या नोकरीमुळं. बारावीला 60 टक्के पडले आणि इंजिनिअरिंग, नर्सिंग अशा व्यावसायिक कोर्सला प्रवेश मिळाला, की पंतप्रधान शिष्यवृत्तीला अर्ज करता येतो. मुलींना महिना 3000 मिळतात, मुलांना 2500. देशभरात वर्षाला 5500 जणांनाच आणि गुणवत्तेवर मिळते, त्यामुळं 60 वर समाधान मानायचं नाही. अर्ज कोर्सच्या पहिल्याच वर्षी करायचा असतो. दुसऱ्या वर्षी जाग येऊन सैनिक कल्याण कार्यालयात आलेले बाप मी पाहिलेत. त्यांना परत पाठवताना जीव तुटतो. सीईटीचा फॉर्म भरताना डिफेन्स कोट्यात तिचा प्रकार डीईएफ-1 येतो, माजी सैनिकांच्या मुलांचा. तुझं बघून कुणी डीईएफ-2 भरायला सांगेल, ऐकू नका. तो नोकरीत असलेल्यांच्या मुलांसाठी आहे, भावंडांसाठी नाही.

एक गोष्ट मात्र आजच फोन करून वडिलांना सांग. त्यांच्या डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्यातून निवृत्त होताना मिळालेल्या पुस्तकात, धाकटीचं नाव, जन्मतारीख आणि दहावीच्या सर्टिफिकेटवरचं नाव, जन्मतारीख अक्षर न् अक्षर जुळतं का ते बघू दे. पूर्वी मुलांची घरातली हाक मारायची नावंच पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे घरच्यांची नोंद करायच्या सैन्याच्या कागदात, जायची. घरी 'बेबी' म्हणतात म्हणून बुकात बेबी, आणि शाळेत भलतंच. फरक असेल तर सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसातून दुरुस्ती करून आणावी लागते आणि त्याला महिने जातात. तिची बारावी फेब्रुवारीत, म्हणजे दिवाळीच्या आत हे काम लागलं पाहिजे.

वडिलांना म्हणावं, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि धाकटीचं दहावीचं सर्टिफिकेट घेऊन सोमवारी सकाळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात या. मी दहापासून तिथं असेन. ओरिजिनलच आणा, झेरॉक्स तिथं काढू.

तुझा,
सुभेदार काका