बायबलमध्ये भाकर म्हणजे शरीर आणि द्राक्षारस म्हणजे रक्त, एवढाच लाक्षणिक अर्थ आहे का?

नाही. तुम्ही म्हणता तो अर्थ येशूच्या शेवटच्या भोजनातला आहे, म्हणजे क्रुसावर जाण्याच्या आदल्या रात्री त्याने शिष्यांसोबत घेतलेल्या जेवणातला. तिथपर्यंत पोचेतो या दोन शब्दांनी बराच प्रवास केलेला असतो.

लहानपणी आजीच्या बायबलमधली 'बेखमीर भाकर' मला कोड्यात टाकायची. आजी रोज ज्वारीच्या भाकऱ्या थापायची. पीठ, पाणी, तवा. त्यात खमीर (पीठ आंबवणारं विरजण) असतंच कुठे, की ते नाही म्हणून मुद्दाम सांगावं? पुढे कळलं की आपल्या भाषांतरकारांनी ज्या 'लेहेम' या हिब्रू शब्दाला भाकर म्हटलं, ती एरवी आंबवलेल्या पिठाची असायची. (बेथलेहेम म्हणजे 'भाकरीचं घर'.) मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून इस्राएली लोक घाईत निघाले तेव्हा पीठ आंबायलाही वेळ नव्हता, म्हणून त्या सुटकेच्या सणाची, वल्हांडणाची, ती बेखमीर भाकर 'दुःखाची भाकर' ठरली.

खमिराचा गुण असा की चिमूटभर घातलं तरी न दिसता सगळ्या गोळ्यात पसरतं. येशू तो दोन्हीकडे वापरतो. देवाचं राज्य पिठात कालवलेल्या खमिरासारखं आहे म्हणतो (मत्तय १३:३३), आणि तीनच अध्याय पुढे 'परूश्यांच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या) खमिरापासून जपा' असंही म्हणतो, म्हणजे त्यांच्या शिकवणीपासून. त्यावर शिष्यांना वाटतं, आपण भाकरी आणायला विसरलो म्हणून गुरुजी बोलतायत! लाक्षणिक अर्थ न कळणारे आपणच पहिले नाही.

'द्राक्षारस' शब्दानेही मराठी वाचकाची अशीच फसगत होते. 'रस' म्हटलं की रसवंतीतला ग्लास डोळ्यांपुढे येतो. पण इथे चढणारी वारुणी आहे. नवा द्राक्षारस जुन्या बुधल्यात भरू नये (मार्क २:२२), कारण तो अजून आंबत असतो, वायू सुटत असतो. नवं कातडं ताणलं जातं, वाळून कडक झालेलं फाटतं. साध्या रसाने बुधला कशाला फुटेल?

आणि चढते म्हणूनच तिला दोन तोंडं आहेत. स्तोत्र १०४ मध्ये द्राक्षारस माणसाचं मन आनंदित करतो आणि भाकर त्याला बळ देते. स्तोत्र ७५ मध्ये मात्र देवाच्या हातात फेसाळणारा प्याला आहे आणि दुष्टांना तो गाळासकट प्यावा लागतो. यिर्मया २५ मध्ये हाच क्रोधाचा प्याला राष्ट्राराष्ट्रांना पाजला जातो आणि ती झोकांड्या खातात. यशया ६३ तर अंगावर काटा आणतं: द्राक्षकुंड तुडवणाऱ्यासारखी देवाची वस्त्रं लाल झाली आहेत, आणि तो रंग शत्रूंच्या रक्ताचा आहे. उत्पत्ती ४९ मध्येही 'द्राक्षांचं रक्त' असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे द्राक्षारस आणि रक्त यांची सांगड शेवटच्या भोजनाच्या कितीतरी आधीची. त्या रात्री येशू शिष्यांना एक प्याला देतो, आणि थोड्याच वेळाने गेथशेमाने बागेत 'हा प्याला माझ्यापासून दूर कर' अशी प्रार्थना करतो. हा दुसरा प्याला यशया-यिर्मयातल्या देवाच्या क्रोधाचा आहे, असं मी वाचतो.

भाकरीची रूपकं जास्त घरगुती आहेत. फसवून मिळवलेली भाकर आधी गोड लागते, मग तोंडात खडे भरतात (नीतिसूत्रे २०:१७). भाकरीत कचकन खडा लागलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. आपण 'खाल्ल्या मिठाला जागणं' म्हणतो, तिथे बायबलमध्ये भाकर येते: माझी भाकर खाणाऱ्यानेच माझ्यावर लाथ उगारली, असं स्तोत्र ४१ म्हणतं. योहान १३ मध्ये येशू ते उच्चारतो आणि थोड्या वेळाने त्याला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याच्या हातात बुडवलेला घास ठेवतो.

माझी सगळ्यात आवडती मात्र शास्ते या पुस्तकाच्या ७व्या अध्यायातली. इस्राएलचे शत्रू असलेल्या मिद्यानी लोकांच्या एका शिपायाला स्वप्न पडतं: जवाची एक भाकर गडगडत छावणीत येते आणि तंबूच उलथवते. जव म्हणजे गरिबाचं धान्य. सोबती लगेच ओळखतो, ही इस्राएली सेनानी गिदोनाची तलवार! बाहेर अंधारात गिदोन स्वतः हे ऐकत असतो.

राहता राहिलं तुमचं 'शरीर आणि रक्त'. तो अर्थ लाक्षणिक आहे का, यावरच ख्रिस्ती लोकांत शतकानुशतकं वाद आहे. १५२९ साली जर्मनीतल्या मारबुर्गला ल्यूथर आणि झ्विंग्ली हे दोन प्रोटेस्टंट धर्मसुधारक समोरासमोर बसले. झ्विंग्लीचं म्हणणं, 'हे माझे शरीर आहे' यातल्या 'आहे'चा अर्थ 'दर्शवते'. ल्यूथरने तेच वाक्य लॅटिनमध्ये खडूने टेबलावर लिहून ठेवलं होतं आणि तो त्यातल्या 'आहे'वरून हलला नाही. बाकीच्या मुद्द्यांवर जमलं, या एकावर फिसकटलं. कॅथलिकांच्या मते तर मिस्सेत (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) भाकर खरोखरच ख्रिस्ताचं शरीर होते. तेव्हा वसईच्या एखाद्या कॅथलिक मित्राला हाच प्रश्न विचारणार असाल, तर 'लाक्षणिक' हा शब्द जरा जपून वापरा.